एक माणूस काढा

‘मी माणूस बघताक्षणी ओळखतो,’ असं सांगणारी माणसं मी बघताक्षणी ओळखतो. त्यासाठी कुठलीही विद्या लागत नाही. लग्नाच्या पंक्तीत, एस.टी.च्या रांगेत, दातांच्या डॉक्टरकडे, कुठेही ती आपल्या शेजारी येऊन बसतात आणि समोरच्या अनोळखी गृहस्थाकडे डोळ्यानं खूण करून म्हणतात, ‘आतल्या गाठीचा दिसतो.’ कुणी चपलेच्या झिजलेल्या टाचेवरून माणूस ओळखतं, कुणी तो चहा कपानं पितो की बशीनं यावरून. आमच्या सोसायटीतले एक निवृत्त गृहस्थ तर वाळत घातलेल्या कपड्याला माणूस किती चिमटे लावतो, यावरून त्याचा स्वभाव सांगतात. आपला जावईही त्यांनी असाच बघताक्षणी पारखून घेतला होता. तो विषय त्यांच्यापुढे काढायचा नाही, एवढं सोसायटीतल्या पोराटोरांनाही माहीत आहे.

मी बँकेत कारकून असल्यामुळे या विद्येचा थोडा संशय माझ्यावरही घेतला जातो. ‘तुम्ही रोज शेकडो सह्या बघता, सहीवरून माणूस कळत असेल नाही?’ असं लोक विचारतात. वीसेक वर्षं मी सह्या बघतो आहे. सहीवरून मला एकच गोष्ट कळते. चेकवरची सही आणि बँकेत नोंदवलेली सही एकाच हाताची दिसते की नाही, एवढीच. तीसुद्धा शपथेवर नाही. सही करणारा प्रामाणिक आहे की लबाड, उदार आहे की चिक्कू, हे सही सांगत नाही. माझ्या पाहण्यातली सर्वांत सुंदर, फळ्यावर सुविचार लिहावा तशी सही एका कर्जदाराची होती. गेली कित्येक वर्षं आम्हांला त्याची सहीच तेवढी पाहायला मिळते, तो नाही.

असा मी या बाबतीत सावध माणूस. पण माझी भाची मानसशास्त्रात एम.ए. करू लागली आणि पेच आला. तिला प्रात्यक्षिकासाठी माणसं हवी होती. शिकाऊ न्हाव्याला डोकं आणि शिकाऊ मानसशास्त्रज्ञाला मन, ही नातेवाइकांचीच मिळतात. एका रविवारी ती कोरे कागद, पेन्सिली आणि एक जाडजूड पुस्तक घेऊन आली. म्हणाली, “मामा, एक घर काढ, एक झाड काढ आणि एक माणूस काढ. चित्र चांगलं यायला हवं असं काही नाही.”

चित्र चांगलं यायला नको, ही अट मी शाळेपासून पाळत आलो आहे. मी पेन्सिल हातात घेतली आणि ती आपोआप चालू लागली. आधी दोन डोंगर. मधून अर्धा सूर्य, त्याला झाडूसारखे किरण. डोंगरातून खाली येता येता रुंद होत जाणारी नदी. काठावर कौलारू घर, घराला टेकून नारळाचं झाड आणि आकाशात इंग्रजी ‘एम’ चपटा करून सोडलेले पाच पक्षी. मराठी शाळेत गेलेल्या कुणालाही घर काढायला सांगा, तो हेच काढील. यावरून स्वभाव ठरवायचा तर सावंतवाडीपासून गोंदियापर्यंत सगळ्या महाराष्ट्राचा स्वभाव एकच भरेल. फार तर नदीच्या वळणात फरक.

भाचीनं चित्र न्याहाळलं, पुस्तक चाळलं आणि गंभीरपणे म्हणाली, “मामा, तुझ्या घराला धुराडं नाही. धुराडं म्हणजे घरातली ऊब.”

“अगं, धुराडं असतं तर महापालिकेची नोटीस नसती का आली?” मी म्हणालो. तिनं ते लिहून घेतलं.

सौभाग्यवतींनी दाराला भलंमोठं कुलूप असलेलं घर काढलं होतं. “मामी, तू मनाचं दार कुणाला उघडत नाहीस,” भाची म्हणाली. “चित्रातल्या घरात कुणी माणूस आहे का? नाही ना? मग कुलूप नको लावायला? मागच्या महिन्यात तळमजल्यावर चोरी झाली,” सौ. म्हणाली. माझ्या आईनं झाड म्हणून तुळस काढली. तिचं खोड काडीएवढं आणि वृंदावन वाड्याएवढं. माणूस काढायला मात्र ती तयार होईना. “माणसं मला जमत नाहीत. देव काढते,” असं म्हणून तिनं विठोबा काढला. भाचीनं पुस्तकात पाहिलं. दोन्ही हात कमरेवर म्हणजे अहंकार, हुकूम गाजवण्याची हौस. तिनं एकदा चित्राकडे आणि एकदा आजीकडे पाहिलं.

“माझ्याकडे काय बघतेस?” आई म्हणाली. “पंढरपूरला जाऊन त्याला सांग!”

हसून हसून सगळ्यांनी चहा घेतला. भाची जाताना पुस्तक मात्र विसरून गेली आणि मी ते वाचायला घेतलं. बँकेतल्या माणसाच्या हाती कुठलाही कागद द्या, तो आधी तारीख बघतो. मीही तारखांपासूनच सुरुवात केली.

पहिली तारीख १९२६. त्या साली अमेरिकेत फ्लॉरेन्स गुडइनफ या बाईंनी मुलांची बुद्धी मापण्यासाठी ‘माणूस काढा’ ही चाचणी आणली. मुलानं काढलेल्या माणसाला डोळे आहेत का, मान आहे का, बोटं पाचच आहेत का, हे मोजायचं. एकूण एक्कावन्न मुद्दे. असेल त्याला गुण, नसेल त्याला शून्य. पुढे आपल्याकडे बडोद्याला प्रमिला फाटक यांनी त्याच धर्तीवर भारतीय मुलांसाठी मोजमाप तयार केलं. इथपर्यंत माझ्यातल्या कॉमर्सच्या पदवीधराची काही तक्रार नाही. बोटं मोजणं हा हिशेब आहे आणि तो कुणीही तपासून पाहू शकतो.

पुढच्या तारखा १९४८ आणि १९४९. १९४८ साली जॉन बक यांनी घर-झाड-माणूस ही चाचणी मांडली, आणि १९४९ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या रुग्णालयात काम करणाऱ्या कॅरन मॅकओव्हर यांनी माणसाच्या चित्रावरून काढणाऱ्याचा स्वभाव कसा वाचायचा, यावर पुस्तक लिहिलं. डोळे मोठे काढले तर माणूस संशयी. डोकं मोठं काढलं तर त्याला आपल्या बुद्धीची चिंता. हात काढलेच नाहीत तर मनात अपराधाची टोचणी किंवा जगाशी संबंध तुटलेला. खोडाला ढोली दिसली तर जुनी जखम. इथे बेरीज संपली आणि भविष्य सुरू झालं.

यामागची कल्पना मात्र मोठी मोहक आहे. सिनेमाच्या यंत्रात फिल्म असते, पडद्यावर काहीच नसतं. उजेड पडला की आतलं बाहेर दिसतं. कोरा कागद हा पडदा आणि माणूस हे यंत्र. जे तो तोंडानं सांगणार नाही, किंवा त्याचं त्यालाच माहीत नाही, ते कागदावर उमटतं. म्हणून या चाचण्यांना प्रक्षेपण चाचण्या म्हणतात. मनाच्या आजारानं ज्याची वाचाच बसली आहे, त्याच्यासमोर बसलेल्या डॉक्टरला असा पडदा मिळाला तर नको का वाटेल?

पण मला शंका आली. आमच्या वर्गात एक मुलगा चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षा पास झालेला होता. तो माणूस काढायचा तर बोटांची पेरंसुद्धा दिसायची. मी काढलेल्या माणसाला मात्र अजूनही हाताच्या जागी फावडी येतात. यात मन किती आणि ड्रॉइंगचे मास्तर किती? शिवाय वेड्यावाकड्या, थरथरत्या रेघेचा अर्थ पुस्तकात ‘अस्वस्थता’ असा दिलेला. आता मनाच्या आजारावरची कित्येक औषधं अशी आहेत की त्यांनी हात कापतो. म्हणजे गोळी आपणच द्यायची, मग कापणारी रेघ बघून म्हणायचं, हा अस्वस्थ आहे!

ही शंका काही माझ्या एकट्याची नव्हती. अमेरिकेतल्या चॅपमन पती-पत्नींनी १९६७ साली एक गमतीदार प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी रुग्णांची चित्रं गोळा केली आणि कुठल्याही चित्राखाली कुठलंही लक्षण, चिठ्ठ्या टाकाव्यात तसं, जोडून दिलं. ‘हा माणूस संशयी आहे’, ‘याला आपल्या बुद्धीची काळजी वाटते’, असं काहीबाही. चित्राचा आणि खालच्या मजकुराचा काडीचा संबंध नाही. मग ही थप्पी त्यांनी या चाचणीचं नावही न ऐकलेल्या कॉलेजच्या मुलांपुढे ठेवली आणि विचारलं, कुठल्या लक्षणाच्या माणसाच्या चित्रात काय दिसतं? मुलं म्हणाली, संशयी माणसानं डोळे वेगळे काढलेत, बुद्धीची काळजी असणाऱ्यानं डोकं मोठं काढलंय. चित्रांत तसं काहीही नव्हतं. पण वर्षानुवर्षं रुग्ण तपासणारे अनुभवी लोक जे सांगत, तेच या पोरांनी न शिकता सांगितलं.

हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं. आमच्या धंद्यात दोन वह्यांचा ताळा जमला की हिशेब बरोबर असं समजतात. पण दुसरी वही पहिलीवरूनच उतरवलेली असेल तर ताळा जमणारच. चूकसुद्धा अगदी पैशापर्यंत जमेल. संशयाचा आणि डोळ्यांचा संबंध आपण चित्रात पाहत नाही, तो भाषेतून घरूनच घेऊन येतो. ‘डोळ्यांत तेल घालून’ पहारा करणारे आपणच, आणि मोठ्या डोक्याला हुशार म्हणणारेही आपणच. म्हणजे त्या सिनेमाच्या यंत्रात थोडा घोटाळाच झाला होता. रुग्णाच्या कागदावर उजेड पडत होता तो वाचणाऱ्याच्या फिल्ममधून!

पुढे २००० साली लिलिएनफेल्ड, वूड आणि गार्ब या तिघांनी अशा चाचण्यांचा सगळा पुरावा तपासून काढला. एकेका खुणेचा एकेक अर्थ लावण्याला त्यांना फारसा आधार सापडला नाही. सगळं चित्र मिळून ढोबळमानानं पाहिलं तर गंभीर त्रासात असलेला माणूस कधीकधी वेगळा कळतो, इतपत त्यांनी मान्य केलं. आमच्या भाषेत सांगायचं तर खातं अडचणीत आहे इतपत कळेल. अडचण कशामुळे, ते त्या पानावर लिहिलेलं नाही.

तुम्ही म्हणाल, एवढं मनावर घेण्यासारखं यात काय आहे? शनि-मंगळ बघतात, हात बघतात, तसं चित्र बघितलं. फरक एवढाच, की आमच्या घरातली चित्रं चहाच्या बशीखाली गेली. दवाखान्यातल्या माणसाचं चित्र फायलीत जातं. त्याखाली दोन ओळी लिहिल्या जातात आणि पुढचा डॉक्टर माणसाच्या आधी फाइल बघतो. मी धुराड्यावरून भांडू शकलो, सौ. कुलपावरून भांडली, आईनं तर देवालाच साक्षीला बोलावलं. वॉर्डातल्या माणसानं असा वाद घातला तर तोही लक्षण म्हणूनच लिहिला जाण्याचा संभव. आपल्याला काय विचारलं जातंय हे ज्याला माहीत नाही, त्याच्याकडून उत्तर काढून घेणं न्यायाचं आहे का? इन्कम टॅक्सवालेसुद्धा आधी नोटीस पाठवतात हो!

यावर कुणी म्हणेल, डॉक्टर रक्त तपासतो तेव्हा रक्ताला विचारतो का? प्रश्न रास्त आहे. पण रक्तातली साखर मी लपवली तरी बदलत नाही आणि दुसऱ्या प्रयोगशाळेत पुन्हा मोजता येते. अपराधाची टोचणी किती मिलिग्रॅम, हे पुन्हा मोजून कुठे मिळणार?

मग हे कागद-पेन्सिल फेकूनच द्यायचं का? माझं मत त्याच बाजूला झुकत चाललं होतं. पण पुढे भाची एका रुग्णालयाच्या मनोविकार विभागात शिकाऊ म्हणून जाऊ लागली, आणि एकदा तिनं नाव-गाव काही न सांगता एक हकिकत सांगितली. एक माणूस आठवडाभर कुणाशी बोलत नव्हता. तिनं त्याच्यापुढे कागद ठेवला. बराच वेळानं त्यानं एक माणूस काढला. हात नसलेला. हिनं पुस्तक स्मरून लिहिलं, अपराधाची भावना, संबंध तुटलेला. तिच्या वरिष्ठ बाईंनी टिपण वाचलं आणि एवढंच विचारलं, “तू त्यांना विचारलंस का?”

ती परत गेली. चित्र त्याच्यापुढे धरून म्हणाली, “काका, यांचे हात कुठे आहेत?”

तो माणूस म्हणाला, “आहेत की. मागे बांधलेत.”

त्याला दवाखान्यात आणताना घरच्यांनी दोरीनं बांधून जीपमध्ये घातलं होतं. आठवडाभरात त्याच्या तोंडून निघालेलं ते पहिलं वाक्य. त्या दिवशी नर्सनं त्याची मनगटं नीट पाहिली, आणि दुसऱ्या दिवशी भेटायला आलेल्या भावाला बाईंनी बाजूला बसवून बराच वेळ समजावलं.

मला राहून राहून वाटतं, पुस्तकाचा अर्थ तसाच फायलीत राहिला असता, तर ज्याला बांधून आणलं त्याच्याच नावावर अपराधाची भावना जमा झाली असती. खर्च एकाचा, नावे दुसऱ्याच्या! आणि कागद पुढे ठेवलाच नसता, तर दोरीचं कुणाला कळलं नसतं. म्हणजे कागद खोटा नव्हता. तो दार होता, आणि आपण त्याला निकालपत्र समजत होतो. पुढे पुस्तक पुन्हा उघडलं तेव्हा कळलं, की जॉन बक यांनीसुद्धा चित्र काढून झाल्यावर काढणाऱ्याला विचारायचे साठ प्रश्न दिलेले आहेत. हे झाड जिवंत आहे का, हा माणूस काय करतोय, असे. लोकांनी साठ प्रश्न वगळले आणि गाइडातली उत्तरं तेवढी पाठ केली. आमच्या वेळी कॉलेजातही अशीच पद्धत होती.

चित्राला काय विचारायचं, यालाही मर्यादा हवी. विस्मरणाचा आजार तपासताना म्हाताऱ्या माणसाला घड्याळाचं वर्तुळ काढून आकडे घालायला आणि अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायला सांगतात. तिथे त्याचा स्वभाव कुणी विचारत नाही. आकडे जागेवर पडतात का, काटे नेमके लागतात का, एवढाच प्रश्न. आणि त्यावरही लगेच निकाल देत नाहीत, पुढच्या तपासणीला पाठवतात. लहान प्रश्नाला कागद बऱ्यापैकी उत्तर देतो. ‘तू कोण आहेस?’ हा प्रश्न कागदाला विचारायचा नसतो.

कायद्यालाही याची थोडी जाण आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार पूर्वी कधी उपचार घेतले, एवढ्याच कारणावरून आज कुणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही. आणि आपल्या उपचारांची कागदपत्रं पाहण्याचा हक्क रुग्णाला आहे. आपल्या झाडाच्या ढोलीबद्दल काय लिहिलंय हे तो माणूस एक दिवस वाचणार आहे, एवढं लक्षात ठेवलं तरी लिहिणाऱ्याची पेन्सिल जरा अडखळेल.

आमच्या शाखेत एक पेन्शनर येतात. निवृत्त शिक्षक. कंपवातानं हात थरथरतो, त्यामुळे पडद्यावरची जुनी सही आणि समोरची सही यांचं नातं उरलेलं नाही. अशा वेळी आम्ही अंगठा घेतो. हाताचा जमत नसेल तर पायाचाही चालतो. पण नियम असा, की दोन स्वतंत्र साक्षीदार हवेत आणि त्यांतला एक बँकेचा अधिकारी हवा. चार हजार रुपये काढायचे असले तरी दोन साक्षीदार! आणि ते लिहितात काय? हा ठसा अमुक यांचा, आमच्यासमोर उमटवला. बस्स. हात का कापतो, मनात काय चाललंय, हे लिहायला त्या कागदावर रकानाच नाही. बँकेच्या फॉर्मात नको तितके रकाने असतात, पण हा नाही, हे किती चांगलं!

एका अंगठ्याला दोन साक्षीदार लागतात, तर अख्ख्या माणसाला किती लागावेत? माझ्या मते निदान दोन तरी, आणि त्यांतला एक तो स्वतः असावा.

म्हणून माझी एक नम्र सूचना आहे. चेकच्या तळाशी एक पांढरी पट्टी असते, तिथे कुणीही काही खरडायचं नसतं. खरडलं की यंत्र गोंधळतं. तशीच एक पट्टी ‘एक माणूस काढा’ म्हणून जो कोरा कागद देतात, त्याच्याही तळाशी असावी आणि तिच्यावर ठळक अक्षरांत छापावं : ‘काढणाऱ्याला विचारल्याशिवाय या रेघेखाली लिहू नये.’ छपाईचा खर्च फारसा येणार नाही.